भजनाचा कार्यक्रम डीव्हीडी प्लेअरवर लागत नाही, मदत हवी (तीन तास वीस मिनिटं, बारा डिस्का करायच्या आहेत)

हरिपूरची_लेक | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीजवळच्या हरिपूरची. माझे बाबा चाळीस वर्षं गावच्या भजनात पेटी वाजवतात. गेल्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली, तेव्हा भजनी मंडळानं रात्रभर भजन ठेवलं होतं. त्याचं शूटिंग केलंय. मंडळातल्या बारा जणांना त्याची एकेक डीव्हीडी द्यायची आहे.

पेनड्राइव्ह का नाही, हे आधीच सांगते. या बाराही घरांत डीव्हीडी प्लेअर आहे, आणि बहुतेकांकडे अजून जुना डब्याचा टीव्ही आहे. पेनड्राइव्ह लावून फाइल शोधायची म्हटलं की घरात नातू असावा लागतो. डिस्क घातली की भजन सुरू झालं पाहिजे, एवढीच या म्हाताऱ्या माणसांची अपेक्षा आहे, आणि ती मला पुरी करायचीय.

माझ्याकडे तीन प्रकारच्या फाइली आहेत. शूटिंगवाल्यानं दिलेल्या एमटीएस फाइली, सव्वादोन तासांच्या. त्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी पहाटे संपली, म्हणून भाच्यानं मोबाइलवर घेतलेला शेवटचा पाऊण तास. आणि बाबांच्या तरुणपणीच्या एका भजनाची एव्हीआय फाइल, वीस मिनिटांची. तिची मूळ कॅसेट २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात घरात पाणी आलं तेव्हा गेली. त्याआधी कधीतरी ती कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती, म्हणून एवढं तरी राहिलं.

माझ्या लॅपटॉपला डिस्कचा ट्रे नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाला फाइली दिल्या, त्यानं डिस्क करून दिली. ती कॉम्प्युटरवर चालते, बाबांच्या प्लेअरवर 'डिस्क एरर'. मग भाच्यानं फाइलीच्या नावातलं एमपी४ खोडून व्हीओबी लिहिलं आणि परत डिस्क केली. तरी तेच. प्लेअर बिघडलाय म्हणावं, तर पूर्वी विकत आणलेल्या डिस्का त्यावर नीट लागतात.

मला यातलं काही कळत नाही. पहिल्यापासून सांगा.

वाळव्याचा_पोरगा | सोमवार, रात्री १०.०५

ताई, माझीपण हीच अडचण हाय. लग्नाची डीव्हीडी माझ्या कॉम्प्युटरवर लागते, वडिलांच्या प्लेअरवर नाही. धाग्यावर थांबतो.

जुना_शूटर | सोमवार, रात्री ११.३०

ताई, मी मिरजेत वीस-बावीस वर्षं लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग केलं. कॅसेटपासून डीव्हीडीपर्यंत सगळं हातातून गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या मुलानं तुम्हाला जी डिस्क दिली ती डेटा डिस्क. म्हणजे पेनड्राइव्हवर फाइल टाकावी तशी डिस्कवर टाकली. कॉम्प्युटरला ती उघडता येते, कारण त्याच्यात तऱ्हेतऱ्हेच्या फाइली वाचणारी सॉफ्टवेअर असतात. साध्या डीव्हीडी प्लेअरला मात्र एकच भाषा येते. डिस्कवर 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर हवं. त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी या तीन प्रकारच्या फाइली हव्यात. व्हीओबीत चित्र आणि आवाज असतो. आयएफओत कुठून कुठे जायचं ते लिहिलेलं असतं, आणि बीयूपी ही आयएफओचीच जादा प्रत. चित्र एमपेग-२ नावाच्या पद्धतीनं दाबलेलं लागतं. तुमच्या एमटीएस आणि मोबाइलच्या फाइलींत चित्र एच२६४ किंवा एच२६५ पद्धतीनं दाबून बसवलंय, आणि ते या प्लेअरला वाचताच येत नाही.

नाव बदलून काही होत नाही. मिठाच्या डब्यावर साखर लिहिलं तरी आत मीठच. आतला माल बदलावा लागतो, म्हणजे प्रत्येक फ्रेम उलगडून एमपेग-२ मध्ये पुन्हा बांधावी लागते. म्हणून याला वेळ लागतो. कुणी दोन मिनिटांत डीव्हीडी करून देतो म्हणाला, तर ती डेटा डिस्क आहे असं समजा.

आपल्याकडे डीव्हीडी पाल पद्धतीची करतात: ७२० बाय ५७६ चित्र, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतली एनटीएससी पद्धत ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेमची. सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पहिल्यांदा पाल निवडलंय का ते बघा. आवाज ४८ किलोहर्ट्झचाच लागतो. सीडीचा ४४.१ चालत नाही.

सुरुवातीला डीव्हीडी स्टायलर घ्या. फुकट आहे, आणि मेनू बनवण्यापासून डिस्क लिहिण्यापर्यंत सगळं त्यात होतं. इन्स्टॉल होताना दुसरं काही घेणार का असं विचारलं तर सरळ नाही म्हणा.

अजिंक्यतारा | मंगळवार, सकाळी ७.१५

साताऱ्याहून. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन रात्री घालवल्या, आणि शेवटी कळलं की हँडब्रेक डीव्हीडी बनवतच नाही. ते डीव्हीडीवरून किंवा दुसऱ्या फाइलीवरून एमपी४, एमकेव्ही करतं. उलट दिशेला जात नाही. नवीन माणसाचा वेळ वाचावा म्हणून लिहिलं.

जुना_शूटर | मंगळवार, सकाळी ९.००

बरोबर. पण ते काढून टाकू नका, ताईंच्या मोबाइलच्या फाइलीसाठी त्याचं काम पडेल असं मला वाटतंय.

आता लांबीचं. नवीन माणूस इथेच सगळ्यात जास्त फसतो. साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तीच ४.३७ दाखवतं. दोन्ही बरोबर, मोजायची रीत वेगळी. माणूस बघतो की आपली एमपी४ दीड जीबीची आहे, म्हणजे अशा तीन बसतील. तसं होत नाही. मूळ फाइल किती जीबीची याला इथे अर्थ नाही, कार्यक्रम किती मिनिटांचा आहे त्यावर सगळं ठरतं.

हिशेब असा. एका बाइटला आठ बिट धरले, तर ४.७ जीबी म्हणजे साधारण ३७,६०० मेगाबिट. तुमचे तीन तास वीस मिनिटं म्हणजे १२,००० सेकंद. भागून बघा, सेकंदाला जेमतेम ३.१ मेगाबिट येतात, आणि त्यातूनच आवाजालाही द्यायचे. इतक्या कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला इतके कमी बिट मिळाले की, चित्रात ठोकळे दिसायला लागतात. टाळ हलला, दिवा लुकलुकला की तिथे चित्र फुटतं. रात्रीच्या अंधारातल्या शूटिंगला तर फार. डीव्हीडीला चित्रासाठी ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे, पण मी घरी लिहिलेल्या डिस्कवर ८ च्या वर जात नाही, जुने प्लेअर अडखळतात.

म्हणून दोन डिस्का करा, शंभर-शंभर मिनिटांच्या. ६,००० सेकंदांना सव्वासहा मेगाबिट येतात. थोडी जागा सोडून चित्राला ५.५ च्या आसपास ठेवा. आवाज एसी३ निवडा, ती आवाज दाबून ठेवायची पद्धत. भजन आहे, पेटी आणि टाळ आहेत, तर १९२ ऐवजी २५६ किंवा ३८४ किलोबिट द्या. पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, नको, ते एकटंच दीड मेगाबिट खातं. आणि डिस्क भजन संपेल तिथे तोडा, मधेच नाही.

हरिपूरची_लेक | मंगळवार, रात्री १०.२०

काका, मिनिटांचा हिशेब पहिल्यांदाच कळला. दोन डिस्का करते. पहिला भाग लावला होता, पण चाळीस टक्क्यांवर लाल अक्षरांत एरर आली आणि बंद पडलं. दोनदा तसंच झालं. फाइली 'बाबांचा कार्यक्रम' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, सी ड्राइव्हवर.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ८.४५

मी मूळचा सांगलीचा, सध्या पुण्यात. दोन शक्यता आहेत, दोन्ही एकदम निस्तरा.

सी ड्राइव्हवर जागा किती आहे? डीव्हीडी बनवताना आधी कन्व्हर्ट केलेलं चित्र तात्पुरत्या फोल्डरमध्ये साठतं, मग त्यातून डिस्कची मांडणी होते, मग इमेज, म्हणजे आख्ख्या डिस्कची एकच फाइल. म्हणजे एका डिस्कसाठी दहा-पंधरा जीबी मोकळी हवी. चाळीस टक्क्यांवर दोन्ही वेळा थांबलं, यावरून मला जागेचाच संशय येतो. लिहिण्याच्या खिडकीत तात्पुरतं फोल्डर बदलता येतं, दुसऱ्या ड्राइव्हवर न्या.

दुसरं म्हणजे नाव. आतली काही साधनं जुनी आहेत, देवनागरी नावापाशी अडखळू शकतात. फोल्डर आणि फाइल दोन्हींना साधं, छोटं इंग्रजी नाव द्या, मधे मोकळी जागा न सोडता. आपल्या भाषेतलं नाव काढावं लागतं याचं वाईट वाटतं, पण मेनूवर मराठी शीर्षक ठेवता येतं, ते चित्रच असतं.

आणि थेट डिस्कवर लिहू नका. आधी 'आयएसओ इमेज' करायचा पर्याय निवडा. ती फाइल लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. मेनू चालतो का, आवाज येतो का, सगळं तिथेच कळतं, डिस्क वाया जात नाही.

हरिपूरची_लेक | गुरुवार, सायंकाळी ६.१०

जागाच नव्हती! पाच जीबी राहिली होती. डी ड्राइव्हवर नेलं आणि आयएसओ झाली, व्हीएलसीत सुंदर दिसते. पण ती ४.२ जीबीची फाइल पेनड्राइव्हवर जात नाही, 'फाइल खूप मोठी आहे' म्हणतं. पेनड्राइव्ह १६ जीबीचा आहे आणि पूर्ण रिकामा आहे.

कृष्णाकाठ | गुरुवार, सायंकाळी ६.३०

तो पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा आहे. त्यात एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आतलं सगळं पुसलं जाईल, तेवढं बघा.

हरिपूरची_लेक | शुक्रवार, दुपारी १.००

पेनड्राइव्हचं झालं. दुकानातून डिस्क लिहून आणली, आणि प्लेअरवर पुन्हा 'डिस्क एरर'. मला रडू यायचं बाकी होतं. लॅपटॉपवर काल सगळं दिसत होतं ना?

जुना_शूटर | शुक्रवार, दुपारी १.२५

ताई, ती डिस्क ट्रे असलेल्या कुठल्याही कॉम्प्युटरमध्ये घालून उघडा. आत काय दिसतंय, 'व्हिडिओ_टीएस' फोल्डर, की एकच मोठी आयएसओ फाइल?

हरिपूरची_लेक | शुक्रवार, दुपारी ४.४०

शेजारच्या वहिनींच्या कॉम्प्युटरवर बघितली. एकच आयएसओ फाइल आहे.

जुना_शूटर | शुक्रवार, सायंकाळी ५.००

मग तीच पहिली चूक पुन्हा झाली. आयएसओ म्हणजे आख्ख्या डिस्कचा साचा. ती फाइल म्हणून डिस्कवर ठेवायची नसते, तिच्यातलं डिस्कवर ओतायचं असतं. विंडोज ७ पासून पुढे आयएसओवर राइट-क्लिक केलं की 'बर्न डिस्क इमेज' दिसतं, तेच वापरायचं. इमगबर्न या डिस्क लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'राइट इमेज फाइल' असं आहे. त्या मुलाला दोष देऊ नका. डिस्का लिहायचं काम दुकानांतून आता राहिलंच नाही, त्याला कुणी दाखवलेलं नसणार. पुढच्या वेळी शेजारी उभं राहून करून घ्या. वहिनींच्या कॉम्प्युटरला रायटर असेल तर तिथेच करा.

वाळव्याचा_पोरगा | शुक्रवार, रात्री ९.३०

काका, माझ्या डिस्कवर व्हिडिओ_टीएस फोल्डर हाय, व्हीओबी पण हायत. तरी वडिलांच्या प्लेअरवर नाही, अन् मामांच्या प्लेअरवर लागते.

जुना_शूटर | शुक्रवार, रात्री १०.१५

तुझी डिस्क कुठली आहे ते वरच्या बाजूला वाच, मायनस आर की प्लस आर? कोऱ्या डिस्कचे हे दोन प्रकार. जुने प्लेअर मायनस आरवर जास्त खूश असतात. दुसरं, लिहिताना ती 'फायनलाइज' म्हणजे बंद केली का? उघडी ठेवलेली डिस्क काही प्लेअर वाचतात, काही नाही. तिसरं, वेग. सोळा एक्सवर लिहिलेली डिस्क जुन्या लेन्सला जड जाते. चार किंवा आठवर लिही, दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. या तिन्ही गोष्टी करूनही नाही लागली, तर वडिलांच्या प्लेअरची लेन्स थकलेली असेल. दुकानातल्या छापील डिस्कपेक्षा आपण लिहिलेल्या डिस्कवरून प्रकाश कमी परततो, म्हणून थकलेली लेन्स छापील डिस्क वाचते आणि आपली नाकारते.

हरिपूरची_लेक | रविवार, रात्री ९.५०

लागली! वहिनींकडे बसून दोन्ही डिस्का लिहिल्या. मेनू आला, आवाज आला, घरातले सगळे गोळा झाले.

पण दोन गोष्टी राहिल्या. एक, सगळी माणसं उंच आणि बारीक दिसतात. दुसरी जास्त मनाला लागली. मोबाइलवरचा शेवटचा भाग आला, बाबा पंधरा-वीस मिनिटं गप्प बघत होते, मग म्हणाले, "आवाज माझाच आहे, पण माझी बोटं मागून येतायत." मला आधी कळलंच नाही. मग नीट बघितलं. भैरवीपर्यंत सूर पुढे आणि बोटं मागे, दीड-दोन सेकंदांचा फरक. चाळीस वर्षं लयीत वाजवलेल्या माणसाला हे असं दाखवायचं नाही मला. अशी डिस्क मी कुणालाही देणार नाही.

जुना_शूटर | रविवार, रात्री ११.००

ताई, नका देऊ. हे दुरुस्त होतं.

बोटांचं आधी. फरक सुरुवातीपासून सारखा होता की वाढत गेला? तुमच्या लिहिण्यावरून वाढत गेलेला दिसतो. मोबाइल सेकंदाला ठरलेल्या फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की तो कधी तीस, कधी चोवीस, कधी त्याहून कमी घेतो. आवाज मात्र सरळ चालतो. मोबाइलवर बघताना जुळतं, कारण प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलीत लिहिलेली असते. कन्व्हर्ट करताना ती वेळ पाळली गेली नाही, नुसत्या फ्रेम मोजून २५ च्या मापात बसवल्या, की चित्र हळूहळू सरकत जातं. पहाटेचा भाग, देवळातल्या दिव्यांचा उजेड, तिथे हे होणारच. मीडियाइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ती फाइल उघडा. 'फ्रेम रेट मोड'पुढे 'व्हेरिएबल' लिहिलेलं दिसेल.

आता हँडब्रेकचं काम. ती एकच फाइल त्यात घाला, व्हिडिओच्या पानावर फ्रेम रेट २५ करा आणि खाली 'कॉन्स्टंट' निवडा. चित्राची प्रत चांगली ठेवा, कारण पुढे पुन्हा एकदा दाबलं जाणार आहे. जी एमपी४ येईल ती डीव्हीडी स्टायलरमध्ये जुन्या फाइलीच्या जागी घाला. मान वळवताना चित्र किंचित झटकल्यासारखं वाटेल, तिसाचे पंचवीस करताना फ्रेम गळतात. पण आवाज आणि बोटं एकत्र येतील. आधी शेवटची पाच मिनिटं बघा, सुरुवातीला सगळं जुळतंच.

उंच माणसांचं कारण डिस्कमध्ये नाही. सोळा-नऊची रुंद डिस्क ७२० बाय ५७६ मध्ये दाबून ठेवलेली असते, ती पसरायची की वरखाली काळ्या पट्ट्या द्यायच्या हे प्लेअर ठरवतो. बाबांच्या प्लेअरला टीव्ही रुंद आहे असं कुणीतरी सांगून ठेवलंय. सेटअपमध्ये 'टीव्ही टाइप' चार-तीन लेटरबॉक्स करा.

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ८.१०

बारा घरांत बारा प्लेअर असणार. दुसरा मार्ग म्हणजे डिस्कच चार-तीनची करायची, काळ्या पट्ट्या चित्रातच घालून. मग डब्याच्या टीव्हीवर सेटिंग न बदलता बरोबर दिसेल. पण ५७६ पैकी ४३२ ओळीच चित्राला मिळतात, आणि रुंद टीव्हीवर चारी बाजूंनी काळं दिसतं. मी असतो तर सोळा-नऊच ठेवली असती.

हरिपूरची_लेक | सोमवार, सकाळी ८.३०

सोळा-नऊच ठेवते. भाचा डिस्क द्यायला प्रत्येक घरी जाणारच आहे, तो सेटिंग करून आणि लावून दाखवूनच येईल. जुन्या कॅसेटच्या भागात बाबांचे हात हलले की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात, आणि टीव्हीवर तिथे थरथर येते. तो भाग त्यांच्या उमेदीच्या काळातला आहे.

जुना_शूटर | सोमवार, सकाळी १०.४०

कॅसेटचं चित्र एका फ्रेममध्ये दोन अर्ध्यांनी येतं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. लॅपटॉपवर दात दिसणं साहजिक आहे, डब्याच्या टीव्हीवर ते दिसायला नकोत. टीव्हीवर थरथर आहे म्हणजे अर्ध्यांचा क्रम उलटलाय. डीव्ही पद्धतीनं उतरवलेल्या कॅसेटमध्ये खालचं अर्धं आधी असतं, डीव्हीडीत बहुतेक वेळा वरचं आधी धरतात. मीडियाइन्फोत 'स्कॅन ऑर्डर' बघा आणि त्या भागापुरतं 'फील्ड ऑर्डर' तेच निवडा. तो भाग चार-तीनचा आहे, ताणून रुंद करू नका, दोन्ही कडांना काळं राहू द्या. आणि रेघा घालवायला डीइंटरलेस, म्हणजे दोन अर्धी एकत्र मिसळणं, शक्यतो करू नका. त्या काळच्या चित्रात मुळातच तपशील कमी, त्यातला आणखी जातो.

मूळ एव्हीआयच्या दोन प्रती आजच करून दोन वेगळ्या घरी ठेवा. डीव्हीडी ही बघायची प्रत, जपायची नव्हे. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका, ते सुटलं की डिस्क फिरताना हलते. मऊ टोकाच्या मार्करनं नाव लिहा.

हरिपूरची_लेक | पुढचा शनिवार, रात्री ८.१५

चोवीस डिस्का झाल्या, बारा जोड्या. मायनस आर, आठ एक्स, प्रत्येक लिहिल्यावर व्हेरिफाय केली. एक जोडी आधी बाबांच्या प्लेअरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली, मगच बाकीच्या केल्या. भैरवी आली तेव्हा मी पडद्याकडे नाही, बाबांकडे बघत होते. मांडीवर त्यांची बोटं पेटीवर असावीत तशी चालत होती, पडद्यावरच्या बोटांबरोबर. म्हणाले, "आता बरोबर."

मूळ फाइलींची एक प्रत माझ्याकडे, एक मिरजेला मावशीकडे ठेवली. तिच्या घरी पुराचं पाणी येत नाही. काका, कृष्णाकाठदादा, तुम्हाला बाबांनी नमस्कार सांगितलाय. वाळव्याच्या दादा, तुमची लागली का?

वाळव्याचा_पोरगा | पुढचा शनिवार, रात्री ९.००

लागली ताई. प्लस आर होती. मायनस आरवर आठ एक्सनं परत लिहिली, फायनलाइज केली, वडिलांच्या प्लेअरवर पहिल्या झटक्यात लागली. आई आत्ता तिसऱ्यांदा बघतीय.